नॅशव्हिलची शहर बससेवा : ब्रॉडवेपलीकडच्या वस्त्या पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता अशी घरे थोडी नाहीत, जिथली मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि आईवडील काही वर्षांच्या अंतराने तिकडे मुक्कामाला जातात. तिथे गेल्यावर दिवस कसे जातात, हे आमच्या नौपाड्यातल्या भजनी मंडळात बसले की ऐकायला मिळते. मुले कामावर, नातवंडे शाळेत, गाडी चालवता येत नाही, त्यामुळे पाच दिवस घर आणि अंगण, आणि उरलेले दोन दिवस मुलांच्या गाडीतून मॉल, देऊळ आणि एखादे प्रसिद्ध ठिकाण. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला मुलीकडे आमचा मुक्काम लांबला, तेव्हा तिथल्या शहर बससेवेचा आम्ही दोघांनी भरपूर वापर केला. तिचे हे परीक्षण मुख्यतः अशा आईवडिलांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांना गाण्याची ओढ आहे त्यांच्यासाठी.

नॅशव्हिलला ‘म्युझिक सिटी’ म्हणतात आणि पाहुण्याला हे संगीत दाखवायचे ठरलेले ठिकाण म्हणजे ब्रॉडवे नावाचा रस्ता. सकाळपासून उघडी असणारी गाण्याची दुकाने म्हणावीत असे हे बार, प्रत्येकातून बाहेर पडणारा गिटारचा आवाज, आणि जवळच 1892 साली बांधलेले रायमन सभागृह. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा 1925 पासून रेडिओवर चाललेला संगीताचा कार्यक्रम 1943 ते 1974 या काळात याच सभागृहातून होत असे. रायमन पाहावेच. लाकडी बाकांवर बसून तिथला नाद ऐकणे हा वेगळा अनुभव आहे. परंतु ब्रॉडवेवर जे ऐकू येते ते या शहराच्या संगीताचा एकच भाग आहे, आणि ज्या वस्त्यांतून या शहराला प्रथम जगभर नाव मिळाले त्या वस्त्या पर्यटकांच्या नकाशाच्या कडेला किंवा कडेबाहेर राहिल्या आहेत. तिथपर्यंत नेण्याचे काम शहराची बस करते, आणि माझ्या मते पुष्कळ चांगले करते.

आधी व्यवहाराचे सांगते. या सेवेचे नाव ‘वीगो’. एका वेळचे भाडे 2 डॉलर. ‘क्विकतिकीट’ नावाचे कार्ड किंवा मोबाइलवरचे ॲप वापरले तर दिवसभरात कितीही प्रवास केला तरी 4 डॉलरपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साडेतीनशे रुपयांत दिवसभर शहर फिरता येते. ज्या शहरात डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागात, तासाभराच्या पार्किंगलाच याहून अधिक मोजावे लागू शकतात, तिथे ही रक्कम खरोखरच वाजवी आहे. विमानतळावरून डाउनटाउनला येणारी 18 क्रमांकाची बसही याच भाड्यात मिळते. पुढच्या दाराने चढायचे, ड्रायव्हरशेजारच्या यंत्राला कार्ड लावायचे, आवाज झाला की आत जायचे. कंडक्टर नसतो. रोख द्यायची असेल तर नेमके सुटे पैसे जवळ ठेवावेत. उतरायचे असेल तेव्हा खिडकीलगतची दोरी ओढायची. गाड्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे आपल्या सवयीने ज्या बाजूला उभे राहावेसे वाटते त्याच्या समोरच्या बाजूला थांबा असतो, एवढे पहिल्या दिवशी मनाशी पक्के करून निघावे.

जवळजवळ सगळे मार्ग डाउनटाउनमधल्या मध्यवर्ती स्थानकात येऊन मिळतात. या स्थानकाला एलिझाबेथ डफ यांचे नाव दिलेले आहे. 1974 साली नॅशव्हिलच्या सार्वजनिक बसच्या चालकपदी रुजू झालेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि कृष्णवर्णीय. एखाद्या नेत्याचे नाव न देता बस चालवणाऱ्या बाईचे नाव बसस्थानकाला देणाऱ्या शहराबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला, हे मोकळेपणाने लिहिते. स्थानकात छप्पर आहे, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे आणि प्रत्येक फलाटावर पुढची गाडी केव्हा येणार ते दिसते. ज्येष्ठांच्या दृष्टीने या चार गोष्टी असल्या की पुढचा प्रवास अर्धा सोपा होतो.

एक दृश्य इथे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण सेवेची पारख त्यातून होते. एका थांब्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेले एक वयस्कर गृहस्थ बसची वाट पाहत होते. बस आली, दाराच्या बाजूने थोडी खाली झुकली, दारातून उतरती फळी बाहेर आली आणि खुर्ची आत आली. मग ड्रायव्हरबाई स्वतःच्या जागेवरून उठल्या, पुढच्या ओळीतली आसने उचलून भिंतीला लावली, खुर्चीची चाके चार पट्ट्यांनी जमिनीला बांधली, पट्टा ओढून पाहिला, गृहस्थांना काही विचारले आणि मगच जाऊन बसल्या. तेवढा वेळ सगळी बस शांत होती. कोणी घड्याळ पाहिले नाही, कोणी उसासा टाकला नाही. उतरताना जो तो ड्रायव्हरला मोठ्याने धन्यवाद देऊन उतरत होता. गुडघे दुखतात म्हणून आपल्याकडे बसची पायरी टाळणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. त्यांनी ही बस निःशंक घ्यावी.

आता ज्या मार्गासाठी हे सारे लिहायला घेतले त्या 29 क्रमांकाकडे येते. ही बस डाउनटाउनहून निघून जेफरसन स्ट्रीटने उत्तर नॅशव्हिलमध्ये जाते. या वस्तीत फिस्क विद्यापीठ आहे. अमेरिकेतली गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, 1866 साली, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ते सुरू झाले आणि पाच वर्षांत पैशांअभावी बंद पडायच्या बेतात आले. तेव्हा तिथले खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी घेऊन 6 ऑक्टोबर 1871 रोजी गाण्याचा दौरा काढला. हेच ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’. यांतील बहुतेक मुले गुलामगिरीत जन्मलेली होती, आणि शेतांवर व लपूनछपून भरणाऱ्या प्रार्थनासभांमध्ये जी भक्तिगीते त्यांचे आईवडील गात, तीच त्यांनी मोठ्या सभागृहांत गायली. 1873 मध्ये हा संघ इंग्लंडला गेला आणि व्हिक्टोरिया राणीसमोर गायला. दौऱ्यांतून जमलेल्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत 1876 पासून विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. तिथे विद्यार्थी राहत असल्याने ती बाहेरूनच पाहायची, पण उंच मनोऱ्याची ती लालसर इमारत गाण्याच्या बिदागीतून बांधलेली आहे हे ठाऊक असले की पाय आपोआप रेंगाळतात.

या गाण्यांची घडण आमच्यासारख्या भजन म्हणणाऱ्यांना पटकन उमगते. एक आवाज ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, पुन्हा एकटा आवाज पुढे जातो आणि समूह त्याला ध्रुवपदावर आणून सोडतो. आपल्याकडे बुवांनी चरण घ्यावा आणि टाळकऱ्यांनी झील धरावी, तसेच ते आहे, फक्त टाळ आणि पखवाज नाहीत, आणि चार पट्ट्यांतले आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर चालत असतात. वाद्यांवाचून गाणारा हा संघ आजही आहे, त्यात अजूनही विद्यार्थीच गातात, आणि 2021 साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दरवर्षी 6 ऑक्टोबरला विद्यापीठ ज्युबिली दिन साजरा करते. ज्यांना तिकिटाची तारीख निवडण्याची सोय आहे त्यांनी हा दिवस मुक्कामात येईल असे पाहावे.

जेफरसन स्ट्रीटने आणखी पश्चिमेला गेले की टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी लागते. तिथल्या बँडने, म्हणजे चालत चालत वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ताफ्याने, 2023 साली गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या, त्याच विभागात ग्रॅमी मिळवली. कॉलेजच्या बँडला ग्रॅमी मिळण्याची ती पहिलीच वेळ. एकाच रस्त्यालगतच्या दोन शिक्षणसंस्थांकडे दोन वर्षांच्या अंतराने हा पुरस्कार यावा आणि त्या शहरात आलेल्या बहुसंख्य पाहुण्यांना त्या रस्त्याचे नावही ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते.

या दोन संस्थांच्या मधल्या पट्ट्यात 1940 ते 1960 च्या दशकांत रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या तालप्रधान संगीताचे क्लब ओळीने होते. जिमी हेंड्रिक्स हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक 1962 मध्ये लष्करातून बाहेर पडल्यावर मित्र बिली कॉक्स याच्यासोबत इथे आला आणि क्लब डेल मोरोक्कोसारख्या ठिकाणी रोज रात्री वाजवत घडला. यांतले जवळजवळ काहीच आता उभे नाही. क्लब बॅरनची इमारत तेवढी टिकून आहे. बाकीचे गेले त्याचे कारण बसच्या खिडकीतूनच दिसते. आंतरराज्य महामार्ग 40 या वस्तीच्या मधून नेण्यात आला. रहिवासी आणि व्यावसायिक 1967 मध्ये न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, पण 1968 च्या सुरुवातीला त्या न्यायालयाने ते ऐकण्यास नकार दिला आणि काम सुरू झाले. सहाशेहून अधिक घरे पाडली गेली, गल्ल्या मध्येच खुंटल्या, आणि दुकानांची व क्लबांची गिऱ्हाइके विखुरली. आज त्या महामार्गाच्या पुलाखाली खांबांवर वस्तीचा इतिहास चित्रांतून मांडलेला आहे. डोक्यावरून गाड्यांचा अखंड आवाज चालू असतो आणि समोर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे चेहरे असतात. तिथे उतरून ती चित्रे पायी पाहावीत. जवळच जेफरसन स्ट्रीट साउंड हे छोटे संग्रहालय आहे. याच वस्तीत वाढलेल्या लोरेन्झो वॉशिंग्टन यांनी जुनी छायाचित्रे, ध्वनिमुद्रिका आणि आठवणी गोळा करून ते उभे केले. जाण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवावी.

या वस्तीचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो, आणि तो मला कोणत्याही पर्यटन-पत्रकात सापडला नाही. जेम्स लॉसन हे तरुण धर्मोपदेशक 1953 ते 1956 या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि नॅशव्हिलला आल्यावर फिस्कजवळच्या क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊन अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण दिले. मार खाताना हात कसा आवरायचा, शिवी ऐकून नजर कशी स्थिर ठेवायची, याची तिथे प्रत्यक्ष तालीम होत असे. 1960 च्या फेब्रुवारीत हेच विद्यार्थी डाउनटाउनमधल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. 19 एप्रिलच्या पहाटे त्यांच्या वकिलांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा हजारो माणसे जेफरसन स्ट्रीटवरून एक अक्षरही न बोलता न्यायालयाच्या इमारतीकडे चालत गेली. तिथे डायान नॅश या फिस्कच्या विद्यार्थिनीने महापौरांना सरळ विचारले की केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणे चूक आहे असे तुम्हाला वाटते की नाही, आणि महापौरांना चूक आहे असे म्हणावे लागले. 10 मे रोजी ती उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. 29 क्रमांकाची परतीची बस त्याच जेफरसन स्ट्रीटवरून शहरात येते. मध्यवर्ती स्थानकावर उतरून न्यायालयापुढच्या चौकात चालत जाता येते आणि त्या चौकाला आता डायान नॅश यांचे नाव आहे. नागपूरला माहेर असलेल्या माझ्या जावेला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा तिलाही ते नवीन होते.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना प्रश्न पडेल. उत्तर नॅशव्हिलमध्ये 1954 पासून चालू असलेले ‘स्वेट्स’ हे उपाहारगृह या भागातल्या घरगुती जेवणासाठी प्रसिद्ध आहे. ताट घेऊन रांगेत पुढे सरकायचे, काचेमागच्या वाफाळत्या भांड्यांतून बोटाने दाखवायचे आणि शेवटी पैसे द्यायचे. इकडच्या पद्धतीत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या असे ताट असते, पण फक्त भाज्यांचे ताटही मागता येते. मक्याची भाकरी, रताळी, मॅकरोनी आणि चीज, पीचचा गोड पदार्थ यांनी पोट व्यवस्थित भरते. मात्र दक्षिणेत पालेभाज्या आणि शेंगा बहुधा डुकराच्या किंवा टर्कीच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात, त्यामुळे प्रत्येक भाजीबद्दल विचारूनच घ्यावे. विचारल्याचा कोणाला राग येत नाही. फलकावरच्या किमतीत कर धरलेला नसतो हेही लक्षात असू द्यावे. फेब्रुवारी 2025 पासून नॅशव्हिलमध्ये विक्रीकर 9.75 टक्के आहे, आणि त्यातला अर्धा टक्का याच बससेवेच्या विस्तारासाठी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी सुमारे दोन-तृतीयांश बहुमताने तो स्वतःवर लावून घेतला.

दुसरी शिफारस 52 क्रमांकाची. ही बस दक्षिणेला नोलेन्सव्हिल पाइक या लांबच लांब रस्त्याने जाते आणि आठवड्याच्या दिवसांत वारंवार मिळते. इराक-तुर्कस्तानकडून आलेल्या कुर्द लोकांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वस्ती नॅशव्हिलमध्ये आहे आणि तिची दुकाने, बेकऱ्या व मशीद याच रस्त्याच्या आसपास आहेत. भट्टीतून नुकतीच निघालेली, होडीच्या आकाराची त्यांची पाव-रोटी कागदात गुंडाळून मिळते, आणि डाळी, मसाले, खजूर व लोणची यांनी भरलेल्या त्या दुकानांत आपल्या स्वयंपाकाला लागणारे निम्मे सामान सापडते. थोडे पुढे मेक्सिकन दुकाने सुरू होतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या प्लाझा मारियाची या जागेत खाण्याच्या टपऱ्या आणि मध्यभागी संगीताचा मंच आहे. नातवंडांना घेऊन जायला ही जागा उत्तम. हा रस्ता चालण्यासाठी मात्र नाही. तो रुंद आहे, वाहने वेगात असतात आणि ओलांडण्याच्या जागा लांब लांब आहेत. या रस्त्याकडे जाणाऱ्या फोर्थ अव्हेन्यू साउथवर 1822 सालची जुनी शहर दफनभूमी आहे. ज्युबिली सिंगर्सच्या पियानोवादक एला शेपर्ड यांची समाधी तिथे आहे. फिस्क पाहून झाल्यावर मुद्दाम जावे अशी ती जागा आहे.

उणिवा तीन आहेत आणि त्या निघण्यापूर्वी माहीत असाव्यात. मार्गांची रचना चाकाच्या आऱ्यांसारखी असल्यामुळे एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत जायचे तरी बहुतेक वेळा डाउनटाउनला येऊन गाडी बदलावी लागते, म्हणून उत्तर नॅशव्हिल आणि नोलेन्सव्हिल पाइक एकाच दिवशी करू नयेत. दुसरे, मुख्य मार्गांवर गाड्या भरपूर असल्या तरी 29 सारख्या मार्गांवर त्या तुलनेने कमी आहेत, आणि रात्री व रविवारी आणखी कमी. तिसरी उणीव सेवेची नसून शहराची आहे. पुष्कळ रस्त्यांना पदपथच नाहीत, आणि साध्या खांबाचे थांबे उन्हात उभे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये छत्री, टोपी आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघू नये. 2024 च्या त्या मतदानातून 86 मैलांचे पदपथ आणि चोवीस तास बस असा आराखडा मंजूर झाला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांत जाणाऱ्यांना परिस्थिती सुधारलेली दिसावी.

बसने उत्तर नॅशव्हिलला जाणार म्हटल्यावर आमच्या मुलीनेही आधी काळजी केली होती. “आई, तिकडे कोणी फिरायला जात नाही गं,” असे ती म्हणाली. नंतर एका शनिवारी ती, जावई आणि नात आमच्याबरोबर 29 ने आली आणि नातीने सगळ्या खांबांवरची चित्रे एक एक करून पाहिली. सुरक्षिततेचे विचाराल तर दिवसाउजेडी निघावे, अंधारापूर्वी परतावे, मोबाइल चार्ज केलेला असावा आणि पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. एवढी काळजी कोणत्याही परक्या शहरात घ्यावीच लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन. मध्यवर्ती स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ब्रॉडवेच्याच कोपऱ्यावर, 2021 मध्ये उघडलेले आफ्रिकन अमेरिकन संगीताचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते आदल्या दिवशी पाहावे. तिथे मनगटावर एक पट्टी बांधतात आणि गॉस्पेलच्या समूहाबरोबर आपला आवाज मिसळून गाता येते. ते ध्वनिमुद्रण त्या पट्टीमुळे आपल्यासाठी जपून ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून 29 घ्यावी, आधी फिस्कच्या आवारात उतरावे, मग पुलाखालची चित्रे, मग जेवण, आणि दुपारी चारच्या आत परतीची बस. कार्ड स्थानकावरच्या खिडकीवर मिळते. दोघांसाठी दोन वेगळी घ्यावीत, कारण दिवसाची 4 डॉलरची मर्यादा प्रत्येक कार्डाला स्वतंत्र लागू होते.